नजरेचं माप

एका गावाहून दुसऱ्या गावाला जायचं म्हणजे आधी स्वतःच्या पायांना विचारावं लागे, त्या काळातली ही गोष्ट. उंच डोंगरांच्या कुशीत थंडीचं एक गाव होतं. वर्षातले आठ महिने तिथले लोक अंगातला स्वेटर काढत नसत, आणि गावातले निम्मे स्वेटर तरी गोमाजीच्या हातचे असत.

गोमाजी बसून कधी विणत नसे. तो चालता चालता विणायचा. खांद्याला झोळी, झोळीत लोकरीचा गुंडा आणि हातात दोन सुया. बाजाराला निघाला की पहिल्या पावलाबरोबर पहिला टाका पडायचा. वाटेत ओढा लागला तर सुया दातांत धरून पाण्यात उतरायचा आणि पलीकडच्या काठावर पाय टेकला की होता तिथूनच पुढे विणू लागायचा. पायांना वाट पाठ होती, बोटांना टाके पाठ होते.

त्याची दुसरी ख्याती मापाची. त्याने जन्मात कुणाच्या अंगाला दोरी लावली नव्हती. माणूस समोर उभा राहिला की तो डोळे बारीक करून एकदा बघायचा आणि म्हणायचा, "जा, झालं काम." आठ-दहा दिवसांनी स्वेटर तयार. अंगावर ओतल्यासारखा बसायचा.

एकदा गावातला सुतार म्हणाला, "गोमाजी, मला जरा सैल कर. रंधा मारताना काखेत ओढतं."

"सैल नको," गोमाजी म्हणाला. "सैल कपड्यात माणूस गबाळा दिसतो. मला कळतं कुणाला काय हवं ते."

सुताराने तो स्वेटर घातला. दिसला छान. फक्त रंधा हातात घेतला की तो काढून खुंटीला अडकवायचा आणि कुडकुडत काम करायचा. हे गोमाजीला कधी कळलं नाही, कारण त्याने नंतर कधी विचारलंच नाही.

गोमाजीला एकच लेक होती, सारजा. आई लहानपणीच गेली, तेव्हापासून त्यानेच तिला वाढवलं. तिला कशाचीच कमी पडू दिली नाही. दर हिवाळ्यात तिला नवा स्वेटर असायचा, गळ्याशी घट्ट आणि मनगटापर्यंत बाह्यांचा. सारजा अठरा-एकोणीस वर्षांची झाली तेव्हा खिंडीपलीकडच्या एका रंगाऱ्याचा मुलगा, येसू, लोकर घ्यायला बाजारात आला होता. गोमाजीने त्याला तराजूच्या पलीकडून पाहिलं. मुलगा शांत होता, लोकर हाताळताना हात हलका होता, भावात घासाघीस करत नव्हता. गोमाजीने डोळे बारीक केले, आणि त्याच संध्याकाळी घरी येऊन म्हणाला, "सारजे, तुझं ठरवून आलोय. चांगलं घर आहे."

सारजा भाकरी थापत होती. तिने वर पाहिलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि पुन्हा भाकरीकडे वळली. ती गप्प राहिली म्हणजे तिला पसंत आहे, असं गोमाजीने धरलं.

लग्न झालं, सारजा खिंड ओलांडून गेली. पुढे सात वर्षांत ती एकदाही माहेरी आली नाही. खेचरांचा तांडा घेऊन ये-जा करणाऱ्या ठकूबाईबरोबर वर्षाकाठी निरोप यायचा. "खुशाल आहे. खिंड अवघड आहे, जमणार नाही." ठकूबाई तर त्याच खिंडीतून वर्षातून चारदा जात-येत होती. पण गोमाजीने कधी त्या निरोपाच्या आत डोकावून पाहिलं नाही.

आठव्या वर्षी हिवाळा तोंडावर आला तेव्हा त्याचे गुडघे दुखायला लागले. त्याच्या मनात आलं, या गुडघ्यांचा आता काही भरवसा नाही. लेकीकडे आत्ता गेलो तर गेलो. त्याने घरातली सगळ्यात मऊ, डाळिंबी रंगाची लोकर काढली, झोळीत टाकली आणि ठकूबाईच्या तांड्याबरोबर निघाला. वाट बारा दिवसांची होती. लेकीच्या दारात पोचेपर्यंत तिचा स्वेटर तयार व्हायला हवा, असा त्याचा बेत. वेस ओलांडतानाच त्याने पहिला टाका घातला.

ठकूबाई बोलकी बाई. दुसऱ्याच दिवशी तिने खेचर त्याच्या बाजूला घेतलं.

"कुणासाठी चाललंय हे?"

"लेकीसाठी."

"माप आणलंय?"

"माप कशाला? माझीच लेक आहे. डोळे मिटले की दिसते."

"निरोप मी आणते, पण तुम्ही तिला शेवटची कधी पाहिलीत?"

"लग्नात. सात वर्षं झाली."

ठकूबाई हसली. "माझ्या बहिणीला मी चार वर्षांनी भेटले होते. हौसेने बांगड्या घेऊन गेले. एकही मनगटात चढेना. दोघी रडलो आणि मग हसलो."

"बांगडी काचेची," गोमाजी म्हणाला. "लोकर ताणते."

"ताणते खरी," ठकूबाई म्हणाली. थोडं अंतर गेल्यावर तिने पुन्हा विचारलं, "तिला हा डाळिंबी रंग आवडतो वाटतं?"

गोमाजी हातातल्या लोकरीकडे बघू लागला. सारजाला कुठला रंग आवडतो? तिने लाल घातला होता, पिवळा घातला होता, हिरवाही घातला होता, कारण त्या त्या वर्षी ती ती लोकर घरात होती. "आवडत असणार," तो शेवटी म्हणाला आणि खाली मान घालून विणू लागला.

त्यानंतर त्याचे हात पूर्वीसारखे चालेनात. पाठ झाली, पुढची बाजू झाली, बाह्या लागल्या. पण चालता चालता तो डोळे मिटून लेकीला आठवायचा प्रयत्न करी, आणि त्याला दिसायची ती खिंडीच्या वाटेने जाणारी पाठमोरी नवरी. चेहरा काही केल्या वळत नव्हता.

दहाव्या दिवशी सकाळी स्वेटर पुरा झाला. गोमाजीने शेवटचे टाके बंद केले, लोकर तोडली आणि स्वेटर हवेत धरून पाहिला. काम निर्दोष होतं. त्याच दिवशी तांडा खिंडीच्या माथ्यावर पोचला. वारा असा होता की खेचरंसुद्धा डोळे मिटून चालत होती. माथ्यावर वाटसरूंसाठी दगडी निवारा होता, तिथे सगळे टेकले.

निवाऱ्यात दुसऱ्या वाटेने आलेलं एक लग्नाचं वऱ्हाड आधीच थांबलं होतं. नवरामुलगा बाहेर खेचरांच्या दोऱ्या आवळत होता. आत कोपऱ्यात नवी नवरी बसली होती. अंगावर लग्नाचं रेशमी लुगडं आणि वर पातळशी शाल. तिच्या कपड्यांची पेटी ज्या खेचरावर होती ते पुढे निघून गेलं होतं. तिचे ओठ काळेनिळे पडले होते. ती हात काखेत दाबून बसली होती, पण तोंडातून एक अक्षर काढत नव्हती.

शेजारी तिचे चुलत सासरे तंबाखू मळत होते. ते म्हणाले, "एवढं काही नाही. उतार लागला की आपोआप ऊब येते. पोरगी सोशिक आहे, बोलत नाही."

गोमाजी त्या मुलीकडे बघत राहिला. बोलत नाही. आजवर कितीतरी माणसं त्याच्यासमोर न बोलता उभी राहिली होती, आणि त्या गप्प राहण्याला तो 'हो' समजत आला होता. तो उठून तिच्याजवळ गेला, खाली बसला आणि म्हणाला, "बाळ, थंडी वाजते का?"

एवढं साधं विचारणं, पण त्या मुलीचे डोळे भरून आले. "वाजते, काका," ती म्हणाली. "तीन दिवस झाले निघाल्याला. कालपासून बोटं कळत नाहीत. कुणी विचारलं नाही, म्हणून सांगितलं नाही."

चुलत सासऱ्यांचा हात तंबाखूवर तसाच थांबला.

गोमाजीने झोळीत हात घातला. स्वेटर हाताला लागला तसा तो घुटमळला. दहा दिवसांचं काम होतं. सात वर्षांनी लेकीच्या दारात जायचं ते काय रिकाम्या हाताने? ठकूबाई हळूच म्हणाली, "लेकीचा आहे ना तो?"

"आहे," गोमाजी म्हणाला, आणि त्याने स्वेटर मुलीच्या हातात दिला.

मुलीने तो घातला. खांदे खांद्यांवर बसले, बाह्या मनगटाशी संपल्या, कंबर जिथे यायला हवी तिथे आली. "अगबाई!" ठकूबाई म्हणाली. "हिचंच माप घेऊन विणल्यासारखा बसला की!"

निवाऱ्यातले सगळे वाहवा करू लागले. एरवी असं कौतुक ऐकून गोमाजीची छाती फुगायची. आज मात्र तो मटकन खाली बसला. त्याच्यासमोर लग्नाच्या लुगड्यात एक अठरा-एकोणीस वर्षांची मुलगी उभी होती, आणि तिच्या अंगावर सारजाचा स्वेटर तंतोतंत बसला होता. म्हणजे दहा दिवस तो विणत होता ते याच वयाच्या मुलीसाठी. सात वर्षांपूर्वी घरातून गेलेल्या मुलीसाठी. खिंडीच्या पलीकडे जी सारजा आज राहत होती, तिच्यासाठी त्याने एक टाकाही घातला नव्हता.

वऱ्हाड निघालं तेव्हा चुलत सासऱ्यांनी आपलं घोंगडं न बोलता सुनेच्या पायांवर टाकलं. मुलगी वाकून गोमाजीच्या पाया पडली. "तुमच्या लेकीला काय सांगाल?" तिने विचारलं.

"अजून ठाऊक नाही," गोमाजी म्हणाला.

उरलेले दोन दिवस तो हात हलवत चालला. ठकूबाईला वाटलं म्हाताऱ्याला बरं नाही, म्हणून तिने त्याला खेचरावर बसायला सांगितलं. तो बसला नाही.

रंगाऱ्यांचं गाव नदीकाठी होतं. ठकूबाई खेचरांवरचं ओझं उतरवायला वेशीपाशी थांबली आणि गोमाजी एकटाच पुढे गेला. काठावर दोऱ्या बांधून रंगवलेली लोकर वाळत घातलेली होती. पहिल्याच अंगणात एक रुंद खांद्यांची बाई, डोक्याला फडकं गुंडाळून, मोठ्या रांजणात लांब काठीने नीळ ढवळत होती. तिचे हात कोपरापर्यंत निळे होते. तिची पाठ गोमाजीकडे होती.

"बाई," तो म्हणाला, "येसू रंगाऱ्याचं घर कुठलं?"

काठी थांबली. बाई वळली. वाफेने लाल झालेला चेहरा, डोळ्यांच्या कडांना बारीक सुरकुत्या. ती त्याच्याकडे बघत राहिली.

"बाबा?"

गोमाजीला आवाज ओळखता आला, चेहरा नाही. त्याने स्वतःच्या लेकीला तिच्याच घराचा पत्ता विचारला होता. तो तिथेच उभा राहिला.

"या," सारजा म्हणाली. तिने फडक्याला हात पुसले. "आत या. पाणी देते."

पाणी झालं, जेवण झालं. येसू भला माणूस, सासऱ्याची विचारपूस करून, दोघांना बोलू द्यावं म्हणून नदीवर निघून गेला. सारजा ओसरीवर बसून गाठी पडलेली लोकर सोडवत होती. ती म्हणाली, "तुमच्या हातात सुया नाहीत. असं कधी पाहिलं नव्हतं."

मग गोमाजीने तिला सगळं सांगितलं. डाळिंबी लोकर, ठकूबाईच्या बहिणीच्या बांगड्या, खिंडीतली नवरी. काही राखून ठेवलं नाही. शेवटी म्हणाला, "तुझ्यासाठी स्वेटर करायचाय. तुला कसा हवा?"

सारजाची बोटं लोकरीतच थांबली. "तुम्ही मला विचारताय?"

"विचारतोय."

ती एकेक शब्द जपून टाकत म्हणाली, "बाह्या कोपरापर्यंतच हव्यात. माझे हात दिवसभर रांजणात असतात. लांब बाही भिजते आणि मग सगळं अंग गार पडतं. आणि गळा सैल हवा. गळ्याशी काही आवळलं की मला लहानपणापासून गुदमरतं."

"कधी बोलली नाहीस."

"बोलले होते, बाबा. सात वर्षांची असताना. तुम्ही म्हणालात, गळा घट्टच हवा, थंडी शिरते. मग मी बोलणं सोडलं."

गोमाजीने मान खाली घातली. मग सात वर्षांत जो प्रश्न त्याच्या मनात आला नव्हता, तो त्याने विचारला. "सारजे, माहेरी का आली नाहीस? खिंड अवघड होती म्हणून नव्हे. खरं सांग. हे घर वाईट निघालं का?"

"घर चांगलं निघालं," सारजा म्हणाली. "येसू मला विचारल्याशिवाय लोकरीचा रंगसुद्धा ठरवत नाही. पण ते तसं निघालं हे माझं नशीब. वाईट निघालं असतं तरी मी इथेच असते ना? त्या संध्याकाळी तुम्ही एकदा विचारलं असतंत, तर मी बहुतेक हो म्हटलं असतं. पण ते 'हो' माझं असतं. ते तुम्ही मला म्हणू दिलं नाहीत. याचा राग आहे माझ्या मनात. अजूनही आहे."

'तुझ्या भल्यासाठीच केलं,' हे शब्द गोमाजीच्या ओठांवर आले. ते खोटे नव्हते. पण ते उच्चारले तर लेक पुन्हा सात वर्षं गप्प होईल, हे त्याला कळलं. त्याने ते गिळले.

"चुकलो," तो म्हणाला. "तुला विचारायला हवं होतं."

सारजा उठली आणि रांजणाकडे गेली. त्या दिवशी त्यांचं आणखी बोलणं झालं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोमाजी ओसरीवर चहा पीत होता. सारजा आतून एक सुतळी घेऊन आली आणि त्याच्यासमोर उभी राहिली.

"घ्या माप," ती म्हणाली.

साठ वर्षांचा गोमाजी आयुष्यात पहिल्यांदा माप घ्यायला उठला. सुतळी कुठून धरायची तेच त्याला कळेना. खांद्याचं माप घेताना ती निसटली, छातीचं घेताना गाठ चुकीच्या जागी पडली. सारजा हसू दाबत होती, ते शेवटी फुटलंच. "द्या इकडे, मी धरते एक टोक," ती म्हणाली. तिचा उजवा खांदा डाव्यापेक्षा दोन बोटं रुंद भरला, काठीने ढवळून ढवळून. रंग कुठला, हेही त्याने विचारलं. "राखाडी," ती म्हणाली. "दिवसभर रंगच बघते मी. अंगावर नको."

गोमाजी सोळा दिवस तिथे राहिला. तो रांजणाजवळच्या दगडावर बसून विणायचा आणि सारजा काम करता करता बोलायची. कधी नीळ कशी आंबवतात ते, कधी पहिल्या वर्षी तिला इथल्या भाषेतले शब्द कळत नव्हते ते, कधी सासूशी झालेलं भांडण. काही दिवस ती काहीच बोलायची नाही. तेव्हा तोही गप्प बसायचा, पण त्या गप्प बसण्याचा अर्थ स्वतःच्या मनाने लावायचा नाही. उजवा खांदा विणून झाल्यावर त्याने तो तिला घालून बघायला सांगितला.

"हात वर कर. ढवळून बघ. ओढतो का?"

"थोडा."

त्याने अख्खा खांदा उसवला. पूर्वीच्या गोमाजीने 'घालून घालून सैल होईल' म्हटलं असतं. त्याने पुन्हा टाके घेतले, पुन्हा घालायला लावला, पुन्हा विचारलं. तिसऱ्या खेपेला सारजा म्हणाली, "आता नाही ओढत."

सोळाव्या दिवशी स्वेटर पुरा झाला. सारजाने तो घातला आणि ती कामाला लागली. दुपारी येसूने विचारलं, "कसा बसलाय नवा स्वेटर?" सारजाने चमकून अंगाकडे पाहिलं. "अरे हो," ती म्हणाली. "घातलाय हे विसरलेच होते."

आजवर लोकांनी केलेल्या सगळ्या कौतुकांपेक्षा गोमाजीला ते जास्त आवडलं.

परतीला ठकूबाईचा तांडा आला. सारजा नदीच्या पुलापर्यंत बापाला पोचवायला आली. पूर्वीचा गोमाजी म्हणाला असता, 'चैत्रात ये, वाट बघतो.' आताही ते त्याच्या जिभेवर होतंच. तो थांबला आणि म्हणाला, "सारजे, कधी यावंसं वाटतं का तुला घरी?"

आणि उत्तराची वाट बघत उभा राहिला. खेचरं पूल ओलांडून गेली, ठकूबाईने पलीकडून हाक मारली, तरी तो हलला नाही.

सारजाने नदीकडे पाहिलं. मग त्याच्याकडे पाहिलं.

"वाटतं," ती म्हणाली. "खिंड मोकळी झाली की येईन. पण आठच दिवस राहीन."

"आठच दिवस," गोमाजी म्हणाला, आणि नवव्या दिवसासाठी त्याने घासाघीस केली नाही.

ऐकणाऱ्याने या गोष्टीतून गाठीला बांधावं ते एवढंच: आपलं माणूस आपल्याला पाठ आहे असं ज्याला वाटतं, त्यानेच त्याला आधी विचारावं. माया कितीही असली तरी माप विचारूनच घ्यावं लागतं, आणि माणूस बदलतो म्हणून ते दरवेळी नव्याने घ्यावं लागतं.